सत्तावीस आट्यांचा निपल

"बसला की नाही? बसला!" नापारीने पान्याला शेवटचा हिसका दिला आणि हात झटकत उठला. ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस भरायची बारीक तोटी, भोकात तिरका उभा होता. मी ग्रीसगन लावली आणि दांडा दाबला. निपल सुटून माझ्या कानाजवळून गेला, पाठोपाठ ग्रीसचा लपका गालावर बसला.

नापारी हसला. तिथून माझं डोकं फिरलं.

ट्रॅक्टर आमचा, बायकांच्या गटाचा. शियाच्या बियांचं लोणी विकून विकून घेतलेला, जपानहून आलेला, जुना पण धडधाकट. घेतला तो एवढ्याचसाठी की गावात बायकांची जमीन दरवर्षी सगळ्यांच्या शेवटी नांगरली जाते, भुईमूग उशिरा पडतो आणि निम्म्या शेंगा पोचट निघतात. चालवणार मी, असं ठरलं होतं. पण ट्रॅक्टर गावात आला त्याच दिवशी वुलाना आला. वुलाना म्हणजे गावप्रमुखाचा उजवा हात. म्हणाला, "नांगराचं पहिलं तास प्रमुखांच्या शेतात. रीत आहे." आमची मगाजिया, म्हणजे बायकांची पुढारीण, मेमुना. तिने मान डोलावली आणि किल्ली देऊन टाकली. प्रमुखांचं झालं. मग वुलानाचं, मग त्याच्या भावांचं, मग भावांच्या सासुरवाडीचं. हे रीतीत कधी बसलं कुणास ठाऊक! चालवायला वुलानाचा पुतण्या, हा नापारी. पुढच्या आसाच्या मधल्या पिनीवरचा निपल त्याने वारुळावर घासून मोडला. पिन कोरडी पडून किंचाळायला लागली, तेव्हा या शहाण्याने तिला वरून शियाचं लोणी चोपडलं. आमचंच लोणी!

"हा निपल आणलास कुठून?" मी गाल पुसत विचारलं.

"मामाच्या अमेरिकन ट्रॅक्टरचा. सारखाच तर दिसतो."

"दोन फेरे सुखाने गेला आणि मग अडला ना?"

"अडला म्हणून तर जोर लावला."

"अरे गाढवा, अडला म्हणजे आटे वेगळे आहेत! भोकाची वाट लावलीस तू."

"आट्यांवरून एवढं बोंबलतेस? मगाजिया, हिचं लग्न लावून द्या बघू. डोकं थंड होईल."

मेमुना नेहमीसारखी शांत उभी होती. "सनातू, तू तामालेच्या बाजारात जा आणि बरोबर मापाचा घेऊन ये," एवढंच म्हणाली. मला तिचा राग आला. खरं सांगायचं तर नापारीपेक्षा जास्त तिचाच आला. पेरणीचे दिवस हातातून चालले होते आणि या बाईच्या कपाळावर एक आठी नव्हती.

त्याच ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगखालचा एक न मोडलेला निपल मी नमुना म्हणून काढून घेतला. तामालेच्या दुकानदाराने डबाभर निपल माझ्यापुढे ओतले. "सगळे एकाच मापाचे. कुठलाही उचला."

"सगळे एकाच मापाचे असते तर मी इथे कशाला आले असते?"

नमुना झिजलेला होता, त्याच्यावर एकट्यावर माझा भरवसा नव्हता. समोर टॅक्सी दुरुस्त करणारे बसतात. त्यांच्याकडून जपानी टॅक्सीच्या इंजिनाचा एक जुना ऑइल स्विच मागून घेतला; तो हमखास इंचाला अठ्ठावीस आट्यांचा असतो. नमुन्याचे आटे स्विचच्या आट्यांत अडकवून उन्हाकडे धरले. दात दातात बसले, मधून उजेड आला नाही. म्हणजे भोकही जपानीच, इंचात अठ्ठावीस आट्यांचं. मग ढिगातला एकेक निपल स्विचला लावत गेले. बहुतेक सगळे सत्तावीसवाले, अमेरिकन मापाचे निघाले. पहिले दोन-तीन दात गोडीगुलाबीने बसायचे, पुढे एकमेकांवर चढायचे आणि फटीतून उजेड डोळे मिचकावायचा. दुकानदार जांभया देत होता. डब्याच्या तळाशी एकुलता एक अठ्ठावीसवाला सापडला. स्विचही मी ठेवून घेतला. त्याच्या आट्यांवर करवतीने खाचा पाडल्या की बिघडलेलं भोक त्यानेच साफ करता येणार होतं.

परत आले तर ट्रॅक्टरभोवती गर्दी. वुलाना स्वतः आला होता.

"मिळाला? लाव लवकर," तो म्हणाला. "उद्या माझ्या मेहुण्याकडे जायचंय."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मेमुनाने हात पुढे केला. "दे इकडे."

मला रडू यायच्या बेतात होतं. तरी दिला. तिने तो बोटांत फिरवून पाहिला, कमरेच्या कापडाच्या टोकात घातला आणि घट्ट गाठ मारली. मग ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला टेकून जमिनीवर बसली.

"हे काय?" वुलाना म्हणाला.

"आता बायकांची जमीन नांगरायची. मगच बाकीच्यांची."

"नापारी दुसरा निपल आणेल."

"आणू दे ना. पोतंभर आणू दे. भोक पुन्हा बिघडवलं तर ट्रॅक्टर कुणाच्याच शेतात जाणार नाही, मेहुण्याच्याही."

नापारीने हातातल्या पान्याकडे पाहिलं. या वेळी तो हसला नाही. एकेक करत आमच्या बायका मेमुनाशेजारी येऊन बसल्या.

"मेमुना," वुलाना आवाज उतरवून म्हणाला, "तू समजूतदार बाई. असा राग तुला शोभत नाही."

"राग मला लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून येतोय, वुलाना. तुम्ही कधी विचारलं नाहीत."

वुलानाने खिशातून किल्ली काढली आणि तिच्यापुढे मातीत टाकली. मी उचलायला वाकले.

"राहू दे, सनातू," मेमुना म्हणाली. "ज्यांनी टाकली ते उचलतील."

वुलाना गुडघ्यावर हात ठेवून वाकला, किल्ली उचलली आणि तिच्या हातात दिली.

भोक साफ करून मी निपल बसवला. शेवटच्या फेऱ्यापर्यंत तो बोटांनी गेला, पाना फक्त आवळायला लागला. ग्रीस पिनीच्या दोन्ही कडांनी बाहेर आलं. मी सीटवर चढले आणि विचारलं, "मगाजिया, आधी कुणाचं?" मला वाटलं, गटातल्या म्हाताऱ्या फतीचं सांगेल, नाहीतर विधवांचं. पुढारणीला तसंच शोभतं.

"माझं," मेमुना म्हणाली. "आधी माझं."