ओंडक्यांवर चढलेलं चर्च

रेल्वे आमच्या गावात येणार, असं दोन वर्षं सगळे छातीठोकपणे सांगत होते. आली ती सॉलोमन नदीच्या पलीकडे. लगेच आमच्या दुकानदारांनी दुकानं जॅकवर उचलली, खाली ओंडके सरकवले, खेचरं जुंपली आणि काउंटर-बरण्यांसकट नदीपार नेली. कॅन्ससमध्ये घरं माणसांपेक्षा लवकर गाव बदलतात. मागे उरलो आम्ही, जमिनीत खणलेल्या घरांत राहणारे. खड्डा काही खेचराला ओढता येत नाही.

मग पुरुषांनी बैठक घेतली आणि चर्चही न्यायचं ठरवलं. बायकांना विचारलं नाही. पुढाकार चर्चचा कारभार पाहणाऱ्या डीकन एनॉक बार्बीचा होता. त्याचं दुकान आधीच स्टेशनासमोर उभं होतं. माणूस वाईट नव्हता, पण शहाणपणाचा मक्ता आपल्याकडेच आहे असं त्याला वाटायचं. चर्च गेलं की इथं गाव उरणार नाही, हे त्यालाही कळत होतं. मरणारं गाव धरून बसण्यात अर्थ नाही, असं तो म्हणे.

त्याची थोरली बहीण झिल्फा, आम्हा सगळ्यांची मावशी, मात्र इथंच राहणारी. गुलामी सुटल्यावर केंटकीहून आलो त्या पहिल्या हिवाळ्यात तिचा नवरा गेला, तो चर्चच्या मागेच पुरलेला. ती भावाच्या दुकानात गेली तेव्हा मी सोबत होते. त्यानं तिला खुर्ची दिली, कॉफी दिली आणि हिशेब समजावून सांगितला. तिनं कॉफी पूर्ण प्यायली.

"एनॉक, मालक हाकेल तिकडे आपण अर्धं आयुष्य गेलो," ती म्हणाली. "आता इंजिन शिट्टी मारेल तिकडे जायचं का?"

"ताई, तुझ्या हट्टापुढे खेचर बरं."

"मग जुंपून बघ."

नेण्याच्या दिवशी सकाळी चर्च ओंडक्यांवर चढलं होतं, खेचरं जुंपलेली होती आणि एनॉक लगाम धरून उभा होता. झिल्फा मावशी शिडीवरून आत गेली. मागोमाग मी आणि बाकीच्या बायका. तिनं गाणं धरलं.

आमच्याकडे गाणाऱ्यानं एक ओळ सांगायची आणि सगळ्यांनी ती ओढून ओढून म्हणायची, असा रिवाज आहे. वाचता कुणाला येत होतं? आणि गाणं चालू असताना चर्चला हात लावायचा नाही. बाहेरच्या पुरुषांनी मुकाट टोप्या काढल्या. संपेल कधीतरी, म्हणून एनॉक थांबला.

पण तिनं निवडलं होतं आईचं गाणं. ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. आईनं शेतात काम करता करता या दोन लेकरांना शिकवलेलं, आणि दिवसभर पुरेल एवढं लांब. शब्द मी इथं सांगणार नाही. ते त्यांच्या आईचे आहेत.

ऊन चढलं. खेचरं पाय आपटू लागली. मावशीचा घसा आधी खरखरला, मग चिरकला. आम्ही पाणी दिलं, तिनं ओठ ओले केले आणि पुढची ओळ सांगितली. दुपार उलटली तेव्हा तिचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मी तोंडाशी कान नेला, नुसता वारा. पुढची ओळ आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हती. गाणं थांबलं की खेचरं निघणार होती.

बाहेर कुणीतरी एनॉकला म्हणालं, "संपलं वाटतं. हाका आता."

मी खिडकीतून पाहिलं. एनॉकचा चेहरा ओढल्यासारखा झाला होता. आईचं गाणं मधेच तुटून पडलं होतं, आणि पुढची ओळ सांगू शकणारा जगात तो एकटा उरला होता. खेचरांना नुसतं हाकारायचं बाकी होतं.

त्यानं तोंड उघडलं आणि ओळ सांगितली.

एवढ्या मोठ्या माणसाचा आवाज पोरासारखा थरथरत होता. आत आम्ही ती उचलली. मग खेचरांजवळच्या पुरुषांनीही उचलली. त्यांच्या घशांना सवयच तशी. ओळ सांगणाऱ्यानं लोकांसमोर उभं राहायचं असतं. एनॉकनं लगाम शेजाऱ्याच्या हातात दिला आणि शिडी चढून आत आला. मावशीनं बाकावर सरकून त्याला वाट दिली. गाणं शेवटच्या ओळीपर्यंत त्यानंच नेलं.

गाणं संपलं. तो खाली बसला, डोळे पुसले, आणि दाराकडे तोंड करून म्हणाला, "खेचरं सोडा, ओंडके काढा रे. जपून. आत बायका बसल्यात."