प्रेडिकेटाला कोंबडा

वेदिकाची झोप उडाली होती ती एका इंग्रजी वाक्यापायी. शनिवारी दुसरीच्या मुलांनी पालकांपुढे वाक्याचे भाग आणि प्रकार सांगायचे होते. मागच्या खेपेला तिची लेक संस्कृती स्टेजवर चढली ती फ्रॉकचं टोक तोंडात घालून, आणि तशीच खाली उतरली. आलिया मिस तेव्हा गोड आवाजात म्हणाल्या होत्या, "पुढच्या वेळीही बोलली नाही, तर थोडे दिवस पहिलीत बसवून बघू." तो गोड आवाज वेदिकाच्या कानातून अजून गेला नव्हता.

"द कॅट ड्रिंक्स मिल्क," वेदिका रोज विचारायची. "यात सब्जेक्ट कोण?"

"मांजर."

"इंग्रजीत सांग, बाळा. आणि प्रेडिकेट?"

"दूध संपलं," संस्कृती म्हणायची आणि फ्रॉकचं टोक शोधायची.

सासरे, म्हणजे लवूआबा, मोतीबिंदू काढून काळा चष्मा लावून गॅलरीत बसलेले असत. मालगुंडच्या बाजूला त्यांचं गाव. तिथे शिमग्यात पालखीपुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. आबांनी देवाला एकेक मागणं सांगायचं आणि दर मागण्याला गावाने "व्हय म्हाराजा" म्हणायचं. शहरात आल्यापासून त्यांना ना पालखी होती ना गाव.

"गो वेदिका, पोलिसावानी काय इचारतंस पोरीला?" एका संध्याकाळी ते उठलेच. हात जोडून गॅसच्या सिलिंडरपुढे उभे राहिले. "बा देवा म्हाराजा, ह्या वाक्याचा सब्जेक्ट म्होरं चालू दे."

संस्कृती खुदकन हसली. "व्हय म्हाराजा."

"त्याच्या मागना प्रेडिकेट येऊ दे, वाटंत कुठं रेंगाळू देऊ नको."

"व्हय म्हाराजा."

"आन् पोरीची जीभ सुटली, तर सब्जेक्टाला नारळ आन् प्रेडिकेटाला कोंबडा देऊ."

"आबा, कोंबडा कशाला कबूल करताय?" वेदिका कळवळली.

"सब्जेक्ट नुसता उभा ऱ्हातो. काम सगळा प्रेडिकेट करतो. त्याला नारळावर भागवाचा?"

मग वाक्याचे प्रकारही गाऱ्हाण्यात आले. सांगणारं वाक्य आबांचं, विचारणारं समोरच्या ब्लॉकमधल्या तुळसाकाकूंचं, हुकूम सोडणारं इम्परेटिव्ह वेदिकाचं आणि ओरडणारं म्हणजे शिमग्यातली बोंब. आता संस्कृतीच गाऱ्हाणं घालायची आणि आबा गाव व्हायचे. पोरगी घडाघडा बोलायला लागली. वेदिकाला मात्र यातही काहीतरी चुकणार असं वाटत होतं. ते कुठे चुकणार, एवढंच तिला कळेना.

ते शनिवारी कळलं. डॉक्टरांनी धुळीत जायला मनाई केल्यामुळे आबा घरी राहिले. हॉलच्या दारावर पाटी होती, पालकांनीही आवारात इंग्रजीतच बोलावं अशी. वेदिकाच्या शेजारी वर्गात पहिल्या येणाऱ्या फुजैलची आई उमैमा बसली होती. दुबईहून आलेला नवा फोन तिने सरळ स्टेजवर रोखला होता.

संस्कृती आली. फ्रॉक तोंडात नव्हता.

"द फिशरमन सेल्स बांगडा. द फिशरमन इज द सब्जेक्ट."

आणि ती थांबली.

"यस, बेटा, गो ऑन," आलिया मिस म्हणाल्या. संस्कृती ढिम्म. हात जोडलेले, नजर हॉलवर, कपाळाला आबांसारखी आठी. मिसनी वहीवर पेन टेकवलं. मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पोरगी अडली नव्हती, गावाने होकार द्यायची वाट बघत होती. आणि गाव काळा चष्मा लावून घरी बसलं होतं.

वेदिकाने दारावरची पाटी पाहिली, उमैमाचा फोन पाहिला, मिसचं पेन पाहिलं.

"व्हय म्हाराजा," ती पुटपुटली.

संस्कृतीने कानामागे हात धरला. असल्या मरतुकड्या होकाराला आबाही पुढे सरकत नसत.

वेदिका उभी राहिली. "व्हय म्हाराजा," तिने असं ठणकावून म्हटलं की मागचा एक टायवाला बाप सवयीने हात जोडून उठला.

"सेल्स बांगडा इज द प्रेडिकेट," संस्कृती म्हणाली.

"व्हय म्हाराजा." या वेळी आवाज शेजारून आला. वेदिकाने दचकून पाहिलं.

"आमच्या नाटे गावात शिमग्याची पालखी घरासमोरनंच जाते," उमैमा फोन न हलवता कुजबुजली. "तू बस. मागच्यांना स्टेज दिसत नाहीये."

चारही प्रकार होईपर्यंत सगळा हॉल साथ देत होता. ओरडणाऱ्या वाक्याला मागच्या रांगेतून रीतसर बोंबही आली. त्यानंतर फुजैल चढला. एक वाक्य बोलून हात जोडून थांबला, आणि शेवटी आलिया मिसनाच म्हणावं लागलं, "व्हय म्हाराजा, प्लीज."

घरी आबा दारातच उभे होते. "बोलली?"

"बोलली. दुसरीतच राहणार," वेदिका खुर्चीत कोसळत म्हणाली. मग लगेच सरळ बसली. "पण आबा, प्रेडिकेटाला कबूल केलेला कोंबडा द्यायचा कुणाला?"

"तुझ्या पुस्तकात बघ," आबा म्हणाले. "तिथं नसंल तर मसाला वाटाया घे."

"हे इम्परेटिव्ह," संस्कृतीने आतून सांगितलं.

वेदिका खोबरं किसायला उठली.