टोपीतला रेझिस्टन्स

दशरथ गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात एकोणीस वर्षं होता. संप झाला आणि त्याची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत तो घाटकोपरच्या खोलीत बायकोनं, सुलक्षणानं, आणलेल्या ब्लाउजांना हुक लावत बसायचा.

अशात एका रविवारी लवू आला. लवू त्याच्याच गावचा, मालवणकडचा. मरोळला शोभेचे दिवे बनवणाऱ्या एका कारखान्यात आठ वर्षं सुपरवायझर. त्यानं रुमालातून एक जुना बल्ब काढला. त्याचे मालक चंद्रप्रकाश शेठ यांच्या वडिलांच्या खोलीत तो रात्रभर जळायचा. तसेच बल्ब शेठना आता बनवून विकायचे होते, पण तो चालतो कसा हेच कुणाला सांगता येईना. जो सांगेल त्याला टेस्टिंगच्या कामाला लावतो, असं शेठ म्हणाले होते आणि लवूनं दशरथचं नाव पुढं केलं होतं.

"पण फ्यूज आहे रे," लवू म्हणाला. "सेल लावून बघितला. करंट पास होत नाही. आत तारच नाही."

"तार नाही तर फ्यूज काय होणार, मेल्या?"

दशरथनं बल्ब खिडकीपाशी धरून पाहिला. काचेत नखाएवढे दोन पत्रे होते, एकमेकांना न टेकलेले. वायरीला लोंबणाऱ्या होल्डरमध्ये बसवून त्यानं बटण दाबलं. दोन्ही पत्र्यांवर नारिंगी उजेडाची साय धरली. होल्डर डोळ्यांसमोर झरझर हलवला, तर उजेडाचे तुकडे पडले. काच गारच होती.

मग त्यानं आपला टेस्टर लवूच्या हातात दिला. टेस्टरमधला इवलासा दिवा असाच असतो, त्यानं सांगितलं. तारेऐवजी आतला गॅस पेटतो. सेलच्या ताकदीवर पेटत नाही, घरच्या विजेवर पेटतो. मात्र एकदा पेटला की करंट आवरणं त्याच्या हातात राहत नाही. कुणीतरी आवरायला लागतं.

"खालच्या पत्र्याच्या टोपीत करंट आवरणारा रेझिस्टन्स असणार," तो म्हणाला. "टोपी उघडायची झाली तर मी येऊन उघडीन. तू हात लावू नकोस."

सुलक्षणानं लवूला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

बुधवारी लवू पुन्हा आला, पण आत बसला नाही. उंबऱ्यातूनच म्हणाला, बल्ब फुटला, शेठ भडकलेत, काम होणार नाही. दशरथनं एकेक करत काढून घेतलं. शेठसमोर जाणतेपणा दाखवायला लवूनं टोपी उघडली होती. आत काळपट कांडीसारखं काहीतरी निघालं. जळका कचरा समजून त्यानं ते उपटलं, वायरी सरळ जोडल्या आणि बटण दाबलं. काचेचा चुरा शेठच्या कागदांवर पसरला.

"आणि शेठना काय सांगितलंस?"

लवू चपलेकडे बघत म्हणाला, "तू सांगितलंस तसंच केलं, म्हटलं."

गाववाल्यानं शब्द टाकलेल्या कामात त्याला डावलून मालकाकडे जायचं नाही, अशी रीत. दशरथनं दोन दिवस ती पाळली. तिसऱ्या दिवशी सुलक्षणा म्हणाली, "पाळा रीत. हुक आहेतच." तो उठला आणि मरोळला गेला.

शेठनी त्याला नीट ऐकून घेतलं. दशरथनं कागदावर दोन पत्रे काढले, रेझिस्टन्स कुठं बसतो ते काढलं, मग टेस्टर उघडून आतला रेझिस्टन्स त्यांच्या तळहातावर ठेवला. शेठनी दोन प्रश्न विचारले, दोन्ही नेमके. उत्तरं मिळाल्यावर कागदाची घडी करून ड्रॉवरमध्ये टाकली.

"तुझं बरोबर आहे," ते म्हणाले. "लवू खोटं बोलला. पण तुला घेतलं तर काम कुणाच्या हाताखाली करणार? त्याच्याच. रोज एकमेकांची तोंडं बघाल आणि माझं खातं बसेल. आठ वर्षांचा माणूस तुझ्यासाठी काढू का?"

दशरथनं कागद परत मागितला.

"राहू दे," शेठ म्हणाले. "त्याला समजवायला लागेल."

फाटकाशी लवू उभा होता. तोंड उतरलेलं. शेठ काय म्हणाले, त्यानं विचारलं.

"तुला बोलावतील," दशरथ म्हणाला. "रेझिस्टन्स कुठं लावायचा ते समजवणार आहेत."

लवूचा जीव भांड्यात पडला.

"मग थांब ना," तो म्हणाला. "चहा घेऊन जा."