बाईंच्या समांतर सऱ्या

बावड्याच्या शाळेतल्या वृषालीबाई रविवारी जळोचीला माहेरी जाऊन ट्रॅक्टर चालवायच्या आणि त्याचे व्हिडिओ स्वतःच्या नावानं इन्स्टावर टाकायच्या. उसासाठी त्यांनी पाडलेली सरी इतकी सरळ, की एका टोकाला डोळा लावला की थेट इंदापूरच्या स्टँडावरचं घड्याळ दिसायचं. मी स्वतः वेळ बघितलीय.

शाळा समितीचे अध्यक्ष अप्पा मात्र एक दिवस वर्गातच आले. "बाई, मास्तरणीला हे शोभत न्हाय. आजच्या आज व्हिडिओ काढून टाका, न्हायतर मी वर तक्रार करतो."

"पोरांना विचारून काढते," म्हणत बाईंनी सऱ्या पाडतानाचा व्हिडिओ वर्गातल्या टीव्हीवर लावला. "ह्या सऱ्या म्हणजे कसल्या रेषा?"

"समांतर," सगळा वर्ग म्हणाला.

"म्हणजे कशा?"

अप्पांची नात छकुली उठली. "किती बी लांब नेल्या तरी एकमेकीला भेटत न्हाईत. आमच्या अप्पांच्या सऱ्या बांधापाशी भेटत्यात. त्या समांतर न्हाईत."

वर्ग हसला. अप्पांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"मग, काढून टाकू का व्हिडिओ?" बाईंनी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या," अप्पा म्हणाले. "पर येत्या रविवारी ट्रॅक्टर आमच्याकडं आणा. अन् माझ्या जुन्या सऱ्या तेवढ्या व्हिडिओत येऊ देऊ नका."