परातीत कालवलेल्या गोळ्या

“ज्याची बाटली त्यानंच घ्यायची, माई. एकही गोळी इकडची तिकडं व्हायची नाही.”

डॉक्टरांचं हे बोलणं माईंना रोज जपाला बसल्यावर आठवे आणि माळ मध्येच थांबे.

हृदयविकारावरच्या नव्या औषधाची चाचणी होती. माईंचे यजमान, निवृत्त शिक्षक अप्पा आणि शेजारचे निसारभाई, दोघांनाही एकाच थंडीत झटका आलेला. दोघांना नंबर घातलेल्या बाटल्या मिळाल्या. निम्म्या बाटल्यांत औषध, निम्म्यांत नुसती भुकटी. कुणाच्यात काय, ते डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. पण महिन्याभरात अप्पांची नाडी संथ झाली, चढावर दम लागेना. निसारभाईंना काडीचा फरक नाही. “मास्तर तुमी, आन् खडू माझ्या वाट्याला,” असं म्हणून ते अप्पांना चिडवत.

निसारभाईंच्या बायकोला, सलिमाला, हसू येईना. एका दुपारी दोघींनी कुणाला न सांगता दोन्ही बाटल्या परातीत ओतल्या, कालवल्या नि निम्म्या-निम्म्या भरल्या. घासातला घास द्यावा तसं माईंना वाटलं होतं.

आता अप्पांची नाडी एक दिवस साठ, एक दिवस नव्वद. परवा तर छातीत कळ आली. आज दवाखान्यात डॉक्टर वैतागले. हे औषध मध्येच तुटलं की हृदय बिथरतं, तुम्ही गोळ्या चुकवताय, म्हणाले. अप्पांनी आवाज चढवला. तीस वर्षांत शाळेची घंटा चुकली नाही, गोळी कशी चुकेल? माई पदराचं टोक पिळत बसल्या. घरापर्यंत अप्पा डॉक्टरांना नावं ठेवत राहिले आणि प्रत्येक शब्द माईंना लागत गेला. इतकी व्रतं करून हेच का हातून घडायचं होतं? स्वतःचाच त्यांना संताप आला.

संध्याकाळी त्यांनी सलिमाला सगळं सांगितलं. तिनं निवडायला घेतलेले तांदूळ बाजूला ठेवले.

“सांगून टाका, माई. अप्पांच्या जिवाशी खेळ नको. पर आमच्या ह्यांस्नी पुन्ना खडूच की वो.”

“निसारभाईंना खरं औषध लिहून दिल्याशिवाय मी दवाखान्यातनं उठणार नाही. शब्द देते तुला.”

“चाचणीतनं दोघांचीबी नावं काढून टाकतील.”

“टाकू देत.”

सकाळी साखर कारखान्याचा भोंगा झाला तेव्हा अप्पा वर्तमानपत्रात डोकं घालून बसले होते. माईंनी पूजा उरकली, कडी आवाज न करता ओढली आणि बावड्याहून येणाऱ्या बसची वाट न बघता त्या डॉक्टरांना गाठायला कोल्हापूरच्या दिशेनं चालू लागल्या.