उजेडाचा थर

सोमयाजुलु तेलुगू पौराणिक मालिकेत ऋषी व्हायचे. आशीर्वादाला उचललेल्या त्यांच्या तळहातातून निघणारा उजेड त्यांची लेक हैमवती हैदराबादच्या स्टुडिओत रंगवायची. संगणकावर, चित्रणावर पारदर्शक थर टाकून, एकेक फ्रेम, हाताने.

त्या बुधवारी न्याहारीला पेसरट्टू खाताना ते म्हणाले, "काय गं हैमा, हल्ली माझ्या हातावर फार उजेड ओततेस. तप माझं आणि भाव खातेस तू."

"तुमचं तप कमी पडतंय, नान्ना."

ते हसत शूटिंगला गेले आणि तिथेच कोसळले. मेंदूत गाठ निघाली. "हात कधीपासून थरथरत होता?" डॉक्टरांनी विचारलं. "कधीच नाही," आई म्हणाली. हैमवती रिपोर्ट पिशवीत भरू लागली. चौथ्या दिवशी ते गेले.

दिवसकार्य उरकून ती कामावर आली, तेव्हा त्यांचा शेवटचा आशीर्वाद रंगवायचा राहिला होता. थर कोरा होता आणि त्याखाली नान्नांचा हात उघडा थरथरत होता. तिने पेन खाली ठेवलं.

"मला दिसत होतं, नान्ना," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "तुमचं काम जाऊ नये म्हणून वर्षभर मी त्यावर उजेड चढवत राहिले. डॉक्टरकडे चला, एवढं म्हणायला हवं होतं मी."