आई मावेल एवढा लॅपटॉप

"काका, या लॅपटॉपमध्ये माझी आई मावेल का?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातला नव्हता. माझ्या मैत्रिणी पल्लवी आणि स्नेहा यांनी पैज लावली होती. दुकानात जायचं, सरळ चेहऱ्याने हा प्रश्न विचारायचा, आणि हसायचं नाही. हसले तर कुल्फी माझ्याकडून, नाहीतर त्यांच्याकडून. दोन वर्षांपूर्वी माझ्याशी कोणी अशी पैज लावलीच नसती. तेव्हा हजेरी घेताना बाईंनी नाव पुकारलं तरी माझ्या घशातून 'हजर' निघायचं नाही. माझं नाव मैना, म्हणून मुली मला मुकी मैना म्हणायच्या. मग नववीत शाळेत जर्मन सुरू झालं. त्या भाषेत अख्खा वर्गच मुका, त्यामुळे मला एकदम धीर आला. तोंड उघडलं ते उघडलंच. वक्तृत्व, नाटक, आणि शेवटी मुंबईला जाऊन दिलेली मुलाखत. दहावीचा निकाल लागला त्याच आठवड्यात कळलं की शिष्यवृत्ती मिळाली, आणि अकरावीचं वर्ष मी जर्मनीतल्या एका शाळेत, तिथल्या एका कुटुंबात राहून शिकणार. साल दोन हजार आठ. आमच्या कॉलनीतून परदेशी शिकायला जाणारी मी पहिलीच. त्यामुळे माझे पाय तेव्हा जमिनीला लागत नव्हते, हे मान्य.

नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या त्या दुकानाचे मालक ललितभाई. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याइतक्याच सरळ चेहऱ्याने विचारलं, "आईचं माप काय?"

"मध्यम," मी म्हटलं. "स्वभाव जरा मोठा आहे."

"मग आईला घेऊन ये बेटा. माप घेतल्याशिवाय मी माल देत नाही."

मागे स्नेहा फुटली, पल्लवी तर दुकानाबाहेर पळाली. कुल्फी मी जिंकले. पण ती खाताना मला जाणवलं की प्रश्न तसा खराच होता.

कारण आईने मला जायला होकार दिला होता तो एका अटीवर. दर रविवारी तिला माझा चेहरा दिसला पाहिजे. नुसता आवाज चालणार नाही. फोनवर माणूस काहीही सांगतं, ती म्हणाली, रडून लाल झालेलं नाक काही फोनवर दिसत नाही. पप्पांनी तोडगा काढला की रविवारी आईला सायबर कॅफेत नेऊ. एकदा नेऊनही पाहिलं. पडदे लावलेल्या त्या अरुंद खोक्यात आई अंग चोरून बसली. लांबच्या माणसाशी बोलायचं म्हणजे मोठ्याने बोलायचं, अशी तिची समजूत, त्यामुळे तिचा पहिला 'हॅलो' शेजारच्या सगळ्या खोक्यांत पोचला आणि मुलं हसली.  घरी आल्यावर आई म्हणाली, "मी पुन्हा तिथं पाय ठेवायची नाय." आईचं माहेर कळवणजवळ. चिडली की नाशिकची वीस वर्षं बाजूला पडतात आणि तिकडची बोली वर येते.

तर अट तशीच राहिली आणि तोडगा संपला. आई शब्द मागे घेणार नाही हे मला ठाऊक होतं. पण अट पाळायची कशी, हे तिलाही ठाऊक नव्हतं. ती रोज मसाले कुटत होती आणि रोज एक पुडी वाढत होती.

दुसऱ्या दिवशी मी आई-पप्पांना ललितभाईंकडे घेऊन गेले. पप्पा एसटीच्या डेपोत मेकॅनिक. कुठलीही वस्तू ते आधी उचलून बघतात, मग वाजवून बघतात. त्यांनी लॅपटॉप कलिंगडासारखे एकेक करून हातात तोलले. जर्मनीत मी ज्या घरी राहणार होते तिथल्या बाईंनी कळवलं होतं की स्वयंपाकघरात एक कॉम्प्युटर आहे, घरातले सगळे तो वापरतात, मैनानेही वापरावा. पण पप्पा ऐकेनात. "पोरगी दुसऱ्याच्या दारात जाऊन बसते आहे. निदान वस्तू तरी स्वतःची असू दे." ते हे असं म्हणाले की त्यावर कोणी बोलूच नये.

मला हवा होता लाल झाकणाचा. तो दुसऱ्या फळीवर असा चमकत होता की जणू त्याला माझं नावच ठाऊक होतं. शेजारी एक छोटा होता, दप्तरात सहज मावेल असा. ललितभाई म्हणाले, विमानाला हलका बरा, पण पडदा एवढासा. आई दिसेल ती भुवयांपासून हनुवटीपर्यंत. लाल मात्र चांगला ऐसपैस, थोडा जड. त्याला कॅमेरा नव्हता, तो वेगळा लावावा लागणार होता.

"ताई, बसा इथं," ललितभाईंनी आईला खुर्ची दिली, लालवर कॅमेरा अडकवला आणि वळवला. पडद्यावर आई आली. अख्खी, खांद्यापर्यंत. तिने पटकन पदर सारखा केला, पडद्यातल्या आईनेही केला. क्षणभर ती स्वतःकडेच बघत राहिली. मग मान वळवून म्हणाली, "मी दिसले. पण तू कुठं आहेस?"

ललितभाई हसले नाहीत. त्यांनी मला दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, प्रिंटरच्या खोक्यांमागे ठेवलेल्या त्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपपुढे बसवलं, कानाला हेडफोन दिला, तसाच आईला दिला, आणि काहीतरी जोडलं. माझ्या पडद्यावर आई उमटली. मध्ये फक्त खोक्यांची एक भिंत.

"जेवलीस का?" आईने विचारलं.

आम्ही दोघी तासाभरापूर्वी एका ताटात जेवलो होतो. मी म्हटलं, जेवले. भाजी कसली होती, तिने विचारलं. वांग्याची, मी म्हटलं. मग आईने इकडेतिकडे पाहिलं. मला वाटलं, सायबर कॅफेसारखंच होणार. पण ती कॅमेऱ्याच्या जवळ आली आणि हळू आवाजात, जशी ती घरात कधीच बोलत नाही, तशी बोलायला लागली.

"मैना, तू बोलायला लागलीस ना, ते मला लय आवडलं. सांगायचं राहूनच गेलं. समोर असलीस की मी रागावतेच. इथं बरं बोलता येतंय."

मी मुंबईच्या मुलाखतीत चार परक्या माणसांना न अडखळता उत्तरं दिली होती.  आईपुढे मात्र मी नुसती मान हलवली. पडद्यावर ती दिसली असणार, कारण आईनेही हलवली.

पप्पा खोक्यांच्या मधोमध उभे होते. त्यांना दोन्ही बाजूंना आम्ही दोघी दिसत होतो. त्यांनी लाल लॅपटॉप पुन्हा एकदा उचलून बघितला आणि म्हणाले, हाच द्या.

आता आमच्या कॉलनीची शिदोरी सांगायला हवी. कॉलनीतलं कोणी शिकायला बाहेरगावी निघालं की जाण्याआधीच्या रविवारी, विहारात वंदना झाल्यावर, प्रत्येक घरातून एकेक उपयोगाची वस्तू येते. कागदात गुंडाळायची नाही, उघडीच टेबलावर मांडायची. आणि जाणाऱ्याने एकेक वस्तू हातात घेऊन सगळ्यांसमोर सांगायचं, हिचं मी काय करणार. सांगता आलं नाही तर ती वस्तू परत जाते. एकदा सांगितलं की ते पाळायचं, ही कॉलनीतल्या सगळ्यांत वयस्कर भिमाबाई आजींची शिस्त. पुण्याला गेलेल्या एकाने शिदोरीत मिळालेली इस्त्री वर्षभर पलंगाखाली ठेवली होती. आजी ते अजून विसरलेल्या नाहीत.

एरवी शिदोरीत पांघरूण, टेबललॅम्प, शब्दकोश असं येतं. पण परदेशी जाणारी पोर म्हणजे काय द्यावं, हे कोणालाच कळेना. म्हणून जो तो गुपचूप द्वारका चौकात जाऊन ललितभाईंना विचारून आला की मैनाला काय लागेल. ललितभाईंनी प्रत्येकाला प्रामाणिकपणे तेच सांगितलं. परिणाम असा की रविवारी टेबलावर तीन माऊस होते, दोन कॅमेरे आणि दोन हेडफोन. शिवाय देवळाली कॅम्पातल्या शिंप्याकडून शिवून आणलेली, फौजींच्या बॅगांच्या हिरव्या कापडाची एक दणकट बॅग, जिच्यात लॅपटॉप काय, मी स्वतः मावले असते.

लोक एकमेकांकडे बघून ओशाळले. मी मात्र टेबलाच्या जवळ सरकले. या प्रत्येकाने कामाचा वेळ मोडून, न कळणाऱ्या वस्तूंच्या दुकानात उभं राहून, माझ्यासाठी विचारलं होतं. यातली एकही वस्तू मी परत जाऊ देणार नव्हते.

मी सुरुवात केली. बॅग माझ्याबरोबर विमानात. पहिला माऊस माझा. दुसरा विहाराच्या अभ्यासिकेतल्या कॉम्प्युटरला, कारण त्याचा माऊस नुसता उजवीकडेच जातो. तिसराही तिथेच, कारण तिथली मुलं दुसराही लवकरच मोडणार. लोक हसले, आजींनी मान डोलावली. पहिला कॅमेरा नि पहिला हेडफोन माझा. मग मी दुसरी जोडी उचलली आणि विचार करायच्या आतच म्हणून गेले, "ही आईची."

"बरं," भिमाबाई आजी म्हणाल्या. "डोक्याला लावून बसंल ती. पर दुसरं टोक खुपसायचं कशात? पोळपाटात?"

विहारभर हसू पसरलं. आईसुद्धा हसली, पदर तोंडावर धरून. आणि मी, बोलकी मैना, तिथे टेबलापाशी पुन्हा मुकी झाले. कारण उत्तर मला दिसत होतं, लाल झाकणाचं, आमच्या घरी कपाटात ठेवलेलं. ते मला द्यायचं नव्हतं.

आजींनी वस्तू लगेच परत केली नाही. म्हणाल्या, घरी जाऊन उत्तर शोध, उद्या सांग. ही जोडी तोवर तुझ्या हातात राहू दे. एवढी सूट त्यांनी आजवर कोणाला दिली नव्हती.

आम्ही तिघं घरी आलो. आईने चहा टाकला. पप्पांनी हिरवी बॅग पलंगावर ठेवली, लाल लॅपटॉप काढून तिच्यात घालून बघितला, पट्टा ओढून बघितला, आणि इतके खूश झाले की मला आणखीच अवघड वाटलं. मी हातातल्या हेडफोनकडे बघत होते. खोक्यांच्या भिंतीपलीकडून आलेला तो हळू आवाज मला आठवत होता. त्या आवाजातली आई मला सोळा वर्षांत एकदाच भेटली होती. ती पुन्हा भेटायची तर एका टोकाला तिला बसायला जागा हवी, स्वतःची, पडदे नसलेली. माझ्या टोकाला, जर्मनीतल्या त्या स्वयंपाकघरात, तर कॉम्प्युटर होताच.

मी लॅपटॉप बॅगेतून काढला. झाकणावरून एकदा हात फिरवला, तेवढा हक्क माझा होता, आणि तो आईच्या शिवणयंत्राशेजारच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"हे काय गं?" पप्पा म्हणाले. "तो तुझ्यासाठी घेतलाय."

"पप्पा, तुम्ही घेतलात म्हणूनच मला हे सुचलं. रागावू नका. आई, तूही इकडे ये, गॅस बंद कर. मी ठरवलंय. लॅपटॉप माझ्याबरोबर येणार नाही, तो इथे आईपुढे राहणार. आपल्या घरच्या फोनच्या लाइनवरच नेट घेऊ, लावायचं कसं ते निघायच्या आत मी आईला शिकवते. आणि दुसऱ्याच्या वस्तूची लाज तुम्ही धरू नका, मला ती वाटत नाही. दर रविवारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात, त्यांच्या कॉम्प्युटरपुढे, सगळ्यांच्या देखत बसेन आणि आईशी मराठीत बोलेन. मोठ्याने."